सुटगाडी आणि एक शब्द

पण सुटगाडीचा चढ दीड हातानं कमी करायचा हे तुमचंच बरोबर होतं, बाबा. मी उगाच वाद घालत होते. पाचवीतली पोर, कॉन्व्हेंटात जाते म्हणून स्वतःला इंजिनिअर समजणारी, आणि तुम्ही अकोल्याच्या कापसाच्या जिनात वीस वर्षं पाना चालवलेले फिटर. तरी खडू माझ्या हातात देऊन म्हणालात, "तू आखून दाखव." मी स्वयंपाकघराच्या फरशीवर उंटाच्या पाठीसारखा उंचवटा काढला. आई म्हणाली, "बापलेकीनं माही चूल तेवढी सोडा."

परवा लायब्ररीत एका परदेशी मासिकात फोटो दिसला. पोलादी रूळ, उतारावरून झेपावणारी गाडी, आत तोंड वासून ओरडणारी माणसं. मी उभ्याउभ्याच सगळं वाचून काढलं. गाडी आधी साखळीनं हळूहळू वर ओढतात म्हणे, मग सोडतात. मला हसूच आलं. तुमची सुटगाडी तर थांबल्या जागेवरून सुटायची! जिनातले मोडीत काढलेले ट्रॉलीचे रूळ, चौघं बसतील अशी गाडी, आणि पुढं तीन बल्ल्यांच्या तिकाटण्यावर टांगलेली रुईची दाबलेली गाठ. आकडा काढला की गाठ खाली, दोर कप्पीवरून सर्रकन ओढला जाणार, गाडी पुढं. इंजन नाही, साखळी नाही. हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. जिनात एकदा दोर तुटून गाठ पडली, तेव्हा रिकामी ट्रॉली कशी पळाली ते तुम्ही पाहिलं होतं, एवढंच.

आपण नागपूरला धम्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात अमरावतीच्या मेळ्यात तुम्ही ती मांडली. अजून डोळ्यांसमोर आहे. दुपारची वेळ, पाळण्यावरची गर्दी इकडं सरकलेली. मेळ्याचा ठेकेदार रुळांभोवती एक चक्कर मारून विचारतो, "काहो फिटर, बैल कुठं बांधता?" लोक फिदीफिदी हसतात. तुम्ही म्हणता, "बैल नाई लागत. एक डाव पाहा तर खरं." तो म्हणतो, "एकच डाव. पलीकडं गेली तं ठेवजा. मधात अटकली तं आजच रूळ उचला." रात्र-रात्र जागून जोडलेले ते रूळ परत गेले असते तर थेट भंगारात, हे मलाही कळत होतं.

पहिली फेरी वाळूची पोती ठेवून करायची ठरलं होतं. आकड्यापाशी जिनात गाठी दाबणारे प्रेसवाले काका. माझं काम, तुम्ही बाजूला झालात की त्यांना 'सोड' म्हणायचं. तुम्ही गाडीत शिरून धरायच्या दांडीचा शेवटचा बोल्ट आवळत होतात, आणि काकांचा हात आकड्यावर गेला. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. गाठ धप्पकन पडली. तुम्ही पाना हातात घेऊनच उंचवट्यावर चढलात, टोपी उडाली, क्षणभर नुसतं आभाळ आणि तुम्ही, आणि मग पलीकडं सरकीच्या पोत्यांत गाडी घुसून थांबली. तुम्ही उठलात, अंगावरची सरकी झटकलीत.

"पाह्यलं? माणूस घिऊनई जाते!"

ठेकेदार म्हणाला, "पोते ठेवनार होते ना तुमी?"

"पोत्याले भेव नाई वाटत. मंग समजन कसं?"

त्या मेळ्यात सगळ्यात लांब रांग सुटगाडीची लागली. शेंदूरजनाघाटाहून आलेले संत्र्याचे व्यापारी धोतर खोचून बसले, उतरले की पुन्हा रांगेत. तुमच्यापाशी उभं राहताना माझी मान इतकी ताठ झालेली की आई म्हणाली, "खाली पाहून चाल, पडशीन." घरी येताना बसमध्ये तुम्ही विचारलंत, "काय ओरडली व तू?" मी म्हटलं, "सोड." तेव्हापासून जो भेटेल त्याला तुम्ही सांगत राहिलात: "बाप गाडीत होता, तरी पोरीनं सोड म्हटलं. एवढा भरोसा होता तिले माह्या कामावर." तीन वर्षांनी तुम्ही गेलात, तेव्हा भेटायला आलेली माणसंही हेच सांगत होती.

उद्या कॉलेजात मी सुटगाडीचं मॉडेल दाखवणार आहे. आगपेटीची गाडी, गाठीच्या जागी शिशाचा गोळा. परवापासून वीसदा सोडून पाहिलं, एकदाही अडकली नाही. चढ तुम्ही सांगितला तेवढाच ठेवलाय. सर म्हणाले, यामागची गोष्टही सांग.

बाबा, मी 'सोड' म्हटलं नव्हतं. बसमध्ये तुम्हाला खोटं सांगितलं. तुम्ही अजून आत आहात हे पाहून घाबरले, आणि शाळेत शर्यतीच्या वेळी आधीच पळणाऱ्यांना थांबवायला सिस्टर ओरडायच्या तेच तोंडून निघालं: "होल्ड! होल्ड!" काकांनी इंग्रजी कधी ऐकलेलं? त्यांच्या कानावर 'सोड' पडलं. भरोसा मला त्या उंचवट्यावरून तुम्ही पलीकडं उतरलात तेव्हा आला, त्याआधी नाही. मग मात्र असा आला की अजून गेलेला नाही. हे पत्र वहीतच राहणार, टपालात टाकू कुठं. पण उद्या सगळ्यांसमोर काय सांगू, बाबा, तुमचा 'सोड' की माझा 'होल्ड'?