फुप्फुसं बदलायला माझा ठाम नकार

तीर्थस्वरूप दादा,

पलंगापासून या टेबलापर्यंत पावलं अकरा. खर्च: दोन थांबे, दाराच्या चौकटीला एक मिठी आणि वाटेत सुचलेली एक सणसणीत शिवी, जी दम वाचवायला मनातच दिली. त्यामुळे नमस्कार बसूनच करतो (वाकलो तर उठवायला तुमची बहीण लागेल, आणि ती उठवताना बोलते). आपली प्रकृती कशी आहे? गुडघे, साखर आणि मला पत्र न लिहिण्याचं अकरा वर्षांचं व्रत, तिन्ही ताब्यात असतीलच.

दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मीच लिहितो. माझी फुप्फुसं गेली. पस्तीस वर्षं लोकांच्या फरश्या बसवल्या, घासल्या, चकाकवल्या. तोंडाला बांधायचा रुमाल खांद्यावर टाकला, कारण मालक रुबाबदार दिसायला हवा. ती सगळी धूळ आत ठाण मांडून बसली आहे. डॉक्टर म्हणाले, आतून दगड व्हायला लागलाय. मी म्हटलं, मग पॉलिश करून द्या. ते हसले नाहीत. दुसऱ्याची फुप्फुसं बसवता येतील म्हणाले, पण घ्यायची की नाही ते तुम्हीच ठरवा. मी ठरवलं: नको. तसं ठणकावूनही आलो. उभ्या धंद्यात मला कुठल्याही निर्णयाला पाच मिनिटांच्या वर लागलेली नाहीत, हे आपण जाणताच.

पण तिथे निर्णयाला मदत करणाऱ्या एक बाई बसतात (पगार घेऊन!). मदत म्हणजे काय, तर त्या काहीच सांगत नाहीत. मी गिऱ्हाइकाला विचारायचो, काळा दगड की पांढरा, आणि तो अडला की गोदामात पडून असलेला गळ्यात मारायचो. या बाई गळ्यात काही मारतच नाहीत. उलट विचारतात, "काका, तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं?" म्हटलं, दोन जिने न थांबता चढणं आणि कुणाला तरी एका दमात शेवटपर्यंत झापणं. त्यांनी दोन्ही गंभीरपणे लिहून घेतलं.

मग एक कागद काढला. त्यावर शंभर चिमुकली माणसं. ऑपरेशननंतर पाच वर्षांनी असलेली निळी, नसलेली करडी. निळी निम्म्याहून थोडी जास्त. मी विचारलं, यातला मी कुठला? म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येत नाही. म्हटलं, बाई, पेटीतल्या काही फरश्या फुटक्या निघतील, कुठल्या ते माहीत नाही, असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं असतं तर? (सांगायचोच. माल उतरवून झाल्यावर.) दुसरा कागद, ऑपरेशन न केलेल्यांचा, त्यांनी पालथा ठेवला होता. बघायचा असेल तरच सुलटा करा म्हणाल्या. मी म्हटलं, गरज नाही. तुमच्या बहिणीने तो सुलटा केला, बघितला, पुन्हा पालथा घातला आणि पर्सची चेन उगाच दोनदा उघडून लावली.

पुढे सहा मिनिटांची परीक्षा. लांब बोळात जमेल तितकं चालायचं, शेजारी घड्याळ घेऊन नर्स. दुसऱ्या फेरीला मी थांबलो, फरशीचा सांधा तपासायला. थोडं पुढे जाऊन आणखी एक सांधा तपासला. तिसरा मात्र खुर्चीत बसून तपासावा लागला. नर्सने कागदावर लिहिलं, "तीनदा थांबले. कारण विचारता म्हणाले, फरशी."

त्यानंतर बाईंनी तुमच्या बहिणीला एकटीला आत बोलावलं. मध्ये प्लायवूडची भिंत. फुप्फुसं गेली तरी माझे कान कोरे करकरीत आहेत. आतून आलं, "हे नको म्हणतील आणि 'हिला त्रास नको म्हणून' असं जगाला सांगत फिरतील. मला त्रासाची सवय आहे हो. घरात कुणी न ओरडण्याची नाही." मी भिंतीला लावलेला कान काढेपर्यंत दार उघडलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "बघताय काय? बटण लावा शर्टाचं."

असो. माझा नकार कायम आहे, मन वळवायच्या भानगडीत पडू नये. वहिनींना नमस्कार.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. अर्जात सोबत राहणाऱ्या दोघांची नावं लागतात. ऑपरेशननंतर तीन महिने हॉस्पिटलजवळ खोली, घड्याळाच्या काट्यावर औषधं, आणि मी ओरडलो तरी जागचा न हलणारा माणूस. एक तुमची बहीण. दुसरं नाव नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही. तुम्ही तीस वर्षं आठवीचे वर्ग सांभाळलेत, हे आपलं सहज आठवलं.

ता. क. २. तुमच्या न्हाणीघरातलं पाणी दाराकडे येतं ते घर खचल्यामुळे, असं मी अकरा वर्षं म्हणत आलो. घर खचलेलं नाही. उतार मीच उलटा दिला.

ता. क. ३. बाईंचा फोन गुरुवारी अकराला येईल. त्या तुम्हालाही काही सांगणार नाहीत, तुमचं तुम्हीच ठरवायचं आहे. तुमचं नाव पेन्सिलीने लिहिलंय. अर्जातल्या 'हो'वर खूण मी सोमवारीच केली, शाईने. दीड तास लागला.