निम्मं होईपर्यंत

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पाणी तपासायची बाटली काळी झाली. अठरा तासांत. चोवीसही लागले नाहीत.

घरच्या विहिरीचं पाणी. रविवारी गावी गेले होते, तेव्हा सहज भरून आणलं होतं. काळी बाटली म्हणजे पाण्यात मैला मिसळतो आहे. त्याला दुसरा अर्थ नाही.

भावेशदादाला फोन केला. पाणी उकळून प्या, बाळाला तर उकळल्याशिवाय द्यायचंच नाही, असं सांगितलं. तो हसला. "बाळाचं उकळूनच असतं गं. तू इथे पण लॅब उघडू नकोस."

काळी बाटली टाकायच्या आधी तिच्यावर तारीख घातली. माझा सहकारी पुष्कर बघत होता. म्हणाला, मॅडम, डब्यातल्या पोळीवर पण टाका. लॅबमधल्या काचेच्या प्रत्येक भांड्यावर माझ्या हिऱ्याच्या पेन्सिलीने कोरलेली तारीख आहे, ही त्याची रोजची करमणूक. हसू दे. तारीख नसलेल्या बाटलीत नुसतं पाणी असतं. नमुना नसतो.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

गावी गेले. बदलापूरहून शेअर रिक्षाने वीस मिनिटं, पण दर वेळी रस्ता नवा वाटतो. आमच्या घराच्या वरच्या अंगाला आता पाच इमारती आहेत. सहावीचा खड्डा खणून झाला.

बाळ पाच आठवड्यांचं. मुलगी. अजून बारसं नाही. कोणी विषयही काढत नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे. दादा-वहिनीच्या पहिल्या मुलीचं, रिद्धीचं, बारसं थाटात केलं होतं, आणि रिद्धी दोन महिन्यांची होऊन गेली. तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले होते, हृदयात दोष असावा. आई म्हणाली होती, नजर. दोन्हींपैकी एकाचाही पुरावा नव्हता.

त्या बारशाला मी अर्धाच दिवस होते. एम.एस्सी.ची परीक्षा तोंडावर होती. त्या दिवसातली वहिनीची हिरवी साडी तेवढी आठवते.

करिष्मा वहिनीला दूध कमी येतं, म्हणून बाळाला पावडरचं देतात. त्याचं पाणी विहिरीचं. अंगणात नळ आहे, एक दिवसाआड येतो. पण आईला तो चालत नाही. "नलाच्या पान्याला औषधाचा वास येतं. तान्ह्या पोराला ता पाजाचा?"

वहिनीने पाणी कसं उकळते ते दाखवलं. वेगळा स्टीलचा टोप. आत क्षारांचा पांढरा थर, आणि दोन रेघा. वरच्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, खालच्या रेघेपर्यंत उतरलं की गॅस बंद. म्हणजे बरोबर निम्मं. खालची रेघ क्षारांखाली झाकली जाऊ नये म्हणून ती रोज चमच्याने खरवडते.

"पहिल्यापासून असंच करते, ताई. एक दिवस चुकवलं नाही."

शिस्तीचं काम. बघून बरं वाटलं.

बाळाची नखं जरा राखाडी वाटली. खोलीत उजेड कमी होता.

२८ ऑक्टोबर

नखं. उजेड. — परत परत तेच डोक्यात येतंय.

३० ऑक्टोबर, गुरुवार

नमुने आणायला शहरातल्या कॅम्प तीन वस्तीत. जीन्स शिवायच्या कारखान्याची बोअर. पाणी भरून देणाऱ्या बाईची नखं निळी होती — कापडाचा रंग. रोज दिवसभर तेच हाताळायचं, जाणार कुठे. तिने बाटली पुढे केली आणि मी ती घेतलीच नाही. बघत राहिले. "क्या हुआ मॅडम, पानी खराब है क्या?" म्हणाली.

अजून तपासलं नाही, असं सांगितलं.

२ नोव्हेंबर, रविवार

परत गावी गेले. न कळवता.

बाळ अंगणात उन्हात निजवलेलं होतं. भरपूर उजेड होता. ओठ पाटीच्या रंगाचे. नखंही. ताप नाही, खोकला नाही, श्वास जरासा जलद. रडतही नव्हतं. ते सगळ्यात वाईट.

आईने मीठ-मोहरी उतरवून टाकली होती, अंगणात वास होता. दादा म्हणाला, उद्या हृदयाच्या डॉक्टरकडे नेतो. "रिद्धीसारखंच..." एवढं बोलून तो विहिरीच्या बाजूला निघून गेला. बाबा ओट्यावर बसून होते. आमचे बाबा, हरिचंद्र, गावच्या सभेत दोन तास बोलणारा माणूस, चपलेचा पट्टा सोडत-बांधत होते.

आणि मला रिद्धीच्या वेळची एक गोष्ट आठवली. तपासणीला तिच्या टाचेतून रक्त काढलं होतं. आई घरी येऊन म्हणाली होती, पोरीचा रक्त काळा हाय, काकवीसारखा. कोणीतरी काहीतरी केलंय. मी तेव्हा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसले होते. मला हसू आलं होतं.

काकवीसारखं. काळपट तपकिरी. हे मी शिकले आहे! पुस्तकात एक परिच्छेद आहे याच्यावर, मी त्याखाली पेन्सिलने ओळ मारली होती. परीक्षेत तो प्रश्न आला होता.

तीन बाटल्या भरून आणल्या. विहीर. नळ. टोपातलं उकळलेलं.

जाताना वहिनीला सांगितलं, आत्तापासून नळाचं पाणी. ती म्हणाली, "पण आई..." मी म्हटलं, आईशी मी बोलते. बोलले. आईने ऐकून घेतलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

नायट्रेट. एका लिटरला मिलिग्रॅममध्ये.

नळ — ४.
विहीर — ११२.
टोपातलं उकळलेलं — २१९.

मर्यादा ४५.

शेवटचा आकडा मी आधी २१.९ लिहिला. पाणी दहापट पातळ करून मोजलं होतं, ते हिशेबात धरायचं राहिलं. हात असा कधी चुकत नाही. नियमाप्रमाणे दुरुस्त केला: चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर आकडा, सही, तारीख. आमच्या वहीत खोडायचं नसतं. लॅबच्या प्रमुख उमा मॅडम पहिल्या दिवशी एवढंच शिकवतात.

जंतू उकळल्याने मरतात. नायट्रेट मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि ते खाली उरतं. निम्मं पाणी आटवलं की दुप्पट. एवढं साधं आहे! तान्ह्या बाळाच्या पोटात त्याचं जे होतं, त्याने रक्त प्राणवायू धरून ठेवत नाही. मोठ्यांना काही होत नाही. म्हणून घरात बाकी कोणीच आजारी नव्हतं.

मी ऑक्टोबरमध्ये नायट्रेट का पाहिलं नाही? कारण नायट्रेट म्हणजे खत, असं धरून चालले. आमच्याकडे आता शेत कुठे आहे? पण वर पाच इमारती आहेत, आणि प्रत्येकीचा शोषखड्डा आहे, आणि उतार आमच्याकडे आहे. काळ्या बाटलीने तेच सांगितलं होतं. मी उत्तर दिलं — उकळा.

दादाला फोन. हृदयाचा डॉक्टर नको, मुलांचं मोठं हॉस्पिटल. मी स्टेशनवरून थेट येते. आजाराचं नाव कागदावर लिहून घेतलं. फोनवर बोलताना चुकीचं ऐकलं जाईल म्हणून.

४ नोव्हेंबर

डॉक्टर मुलगी माझ्याच वयाची. तिने माझा कागद वाचला, आकडे वाचले, आणि मला बाजूला व्हा म्हणाली नाही. बाळाच्या रक्ताचा एक थेंब पांढऱ्या गॉजवर ठेवला. शेजारी तिने स्वतःचं बोट टोचून स्वतःचा ठेवला. आम्ही दोघी बघत राहिलो. तिचा लाल. बाळाचा तपकिरी — आणि तपकिरीच राहिला.

औषध निळं असतं. शिरेतून देतात. तासाभरात ओठांवर रंग आला. आधी कडेला, मग मध्ये. बाळ रडलं. जोरात.

वहिनी भिंतीला टेकून खाली बसली. मी पाणी आणून दिलं. तिने ग्लास हातात धरून बराच वेळ आत बघितलं, मग प्यायली.

७ नोव्हेंबर

बाळ घरी. नखं गुलाबी. तीनदा व्हिडिओ कॉल केला, तिन्ही वेळा फक्त नखं बघितली. चौथ्यांदा दादाने फोन उचलला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

घरच्यांना समोर बसवून सांगितलं. कागदावर तीन आकडे. विहीर बंद, उकळणं बंद. बाबांनी ऐकलं आणि उठून पत्र्याची जुनी झडप विहिरीवर टाकली, त्यावर दगड. त्यांच्या आजोबांनी खणलेली विहीर. वर चढावर बघून म्हणाले, ती जमीन आपणच दिली.

मग मी विचारलं, पाणी निम्मं आटवायचं कोणी सांगितलं? नुसतं उकळलं असतं तर एकशेबाराच राहिलं असतं. तेही वाईटच. पण दोनशेएकोणीस झालं नसतं.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. मग खाली.

आई म्हणाली, "मीच सांगितलेला. आमच्यात असाच करतान."

मी बोलले. आवाज चढवला नाही, मी चढवत नाही. पण सगळं बोलले. आपल्याला कळत नाही तिथे विचारावं. घरात शिकलेलं माणूस आहे, ते कशाला आहे? जुनं ते सगळं बरोबर नसतं. आणि हेही बोलले, की ही गोष्ट एका बाळापुरती नसेल.

मोतीबाई म्हणजे आमची आई. गावात कोणाचं ऐकून घेत नाही, मासळी घेताना दोन गल्ल्यांना ऐकू जातं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिली. एवढंच म्हणाली, "चुकला माजा."

नोंद: आटवायची पद्धत आईने घालून दिली. २०२२ पासून चालू.

१० नोव्हेंबर

आईशी असं बोलायला नको होतं. पण आकडे खरे आहेत.

१६ नोव्हेंबर, रविवार

वहिनी बाळाला खांद्यावर थोपटत होती. घरात आम्ही दोघीच होतो. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "ताई, रिद्धीला पण हेच झालेलं?"

मी म्हटलं, तेव्हा पाणी तपासलं नव्हतं. रक्तही या दृष्टीने तपासलं नव्हतं. आता खात्रीने सांगता येणार नाही.

प्रत्येक शब्द बरोबर होता. लॅबच्या रिपोर्टखाली छापावा असा.

ती म्हणाली, "मी एक दिवस चुकवलं नव्हतं." थोपटणं थांबलं नाही. "तेव्हा पण नाही."

एखादी दुसरी बाई असती तर तिने हात तरी धरला असता.

निघताना टोप मागून घेतला. आतल्या क्षारांचं पृथक्करण करायचं आहे. खालच्या रेघेपर्यंत किती वर्षांचा थर आहे ते कळेल. वहिनीने तो घासून, पुसून, पिशवीत घालून दिला. आई दारात होती. म्हणाली, "कशाला नेतंस त्याला? भंगारात टाक." मी म्हटलं, नमुना आहे. ती म्हणाली, "नको नेव गं सोनी." असं दोनदा म्हणाली.

मला वाटलं, तिला लाज वाटते आहे.

१८ नोव्हेंबर

टोप माझ्या कपाटाखाली आहे. हात लावलेला नाही. लॅबमध्ये काम खूप आहे, हे कारण खरं आहे.

स्वप्न — मी थेंब गॉजवर ठेवते, तो लाल होत नाही, आणि उमा मॅडम म्हणतात, तारीख टाक.

२२ नोव्हेंबर, शनिवार

टोप लॅबमध्ये नेला. थराचा तुकडा काढून बाजूला ठेवला. उरलेल्यावर लिंबूसत्त्वाचं गरम पाणी ओतलं. फेस आला, थर सुटत गेला. पुष्कर म्हणाला, वा, भांडी घासायचं पण घेतलंत का.

रेघ पूर्ण दिसली. खिळ्याने किंवा सुरीने ओढलेली रेघ कडांना फाटते. ही फाटलेली नाही. एका जाडीची, सरळ, दोन्ही टोकांना किंचित खोल. मी रोज अशा रेघा मारते.

खालच्या रेघेखाली, जिथे वहिनीचा चमचा पोचला नव्हता, तिथे इंग्रजी आकड्यांत बारीक कोरलेलं आहे: २८-८-२२.

दोनाची शेपटी माझ्या अक्षरात वर वळते. आठ मी दोन गोल काढून करते. हे दोन वेगवेगळे गोल आहेत.

रिद्धीचं बारसं. हिरवी साडी. पेन्सिल तेव्हा नवी होती. बाकी काही आठवत नाही — पण घड्याळ कोणी बघणार नाही, भांड्यालाच खूण करून द्यावी, हे मला सुचण्यासारखं आहे. मला ते हुशारीचं वाटलं असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

नऊ तारखेची नोंद उघडली. 'आईने' या शब्दावर एकच आडवी रेघ मारली. खालचं वाचता येतं. वर लिहिलं: मी. सही केली. तारीख टाकली.

पावणेदहाची रिक्षा. टोप बरोबर घेतला आहे. आधी वहिनी, मग आई.