वाळवंटातल्या फुलांचे तीन आठवडे

ती. ताईस,

घडीचे बिछाने दोन. भिंतीला मिटणारं टेबल एक. ड्रॉवर अकरा (त्यातला एक उघडत नाही, तो नुसता चेहरा आहे, मागे चाकाची कमान येते). साठ लिटरची पाण्याची टाकी, तिला नळ, नळाखाली बेसिन. जाळीची खिडकी एक. पडदे चार (तुझ्या भावजयीने उसवून पुन्हा शिवले, पण मापं माझी). बाहेर ओढायची आणि आत ढकलायची पायरी एक. ड्रायव्हरची सीट एक, तिच्याविषयी पुढे. हे सगळं मी स्वतःच्या हातांनी केलं, कुणाकडे एक दिवसही न शिकता, दुकान सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, चौदा महिन्यांत.

आता नमस्कार. वाकूनच केला असं समज. पाण्याची टाकी चढवताना कमरेत जी उसण भरली तिच्यामुळे वाकणं सध्या पंचेचाळीस अंशांपर्यंतच होतं, उरलेलं मनातून. तुझी तब्येत कशी आहे? गुडघे? डोळे तपासून आलीस, डॉक्टर काय म्हणाला? (तो "नजर एकदम उत्तम" म्हणाला, हे मला भाचीकडून कळलंय. तेव्हा उत्तर जरा विचार करून दे.)

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. तुला वाळवंटात चल म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. ते माझं फोनवर दोनदा म्हणून झालंय, आणि दोन्ही वेळा तू म्हणालीस, "एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली, आता कुठे जायचंय मला." विषय संपला. मी आपला केवळ माहिती म्हणून लिहितोय.

तर गाडी. आमच्या चौकातल्या बेकरीवाल्याचे वजनकाटे मी एकोणीस वर्षं दुरुस्त करतोय. त्याने पाव पोचवायला नवी गाडी घेतली आणि जुनी मला दिली. आत नुसत्या लोखंडी फळ्या होत्या, त्या मी काढल्या, घासलं, दोनदा रंग दिला. पण त्या वासापुढे मी हात टेकले. ऊन चढलं की अजूनही ताज्या पावाचा घमघमाट सुटतो आणि आतल्या माणसाला भूक लागते. तुझी भावजय म्हणते, वाळवंटात दुकान नाही, खायला काही नाही, आणि दिवसभर हा वास, म्हणजे शिक्षाच. ती येणार नाहीये. "मला गाडीही लागते आणि तुमची टिपणंही लागतात," असं म्हणाली. वर म्हणाली, "तुम्ही भावंडं जा, सोळा दिवस घरात एकही गोष्ट मोजली जाणार नाही." हे बोलताना तिचा चेहरा इतका खुलला होता की मला जरा लागलंच.

सोळा दिवस, तीन राष्ट्रीय उद्यानं, जाऊन येऊन एक हजार नऊशे चाळीस किलोमीटर. पहिल्यात लाल दगडाच्या कमानी आहेत, दुसऱ्यात दोन-दोन मजले उंच निवडुंग, तिसऱ्यात नुसत्या वाळूच्या टेकड्या. आणि जायचं ते वसंतातच, कारण हिवाळ्यात पाऊस बरा झाला तर वसंतात तीनेक आठवडे त्या वाळूवर फुलं येतात. मग ऊन तापलं की सगळं जळून पुन्हा वाळू. यंदा तो पाऊस झालाय. त्याआधी सात वर्षं झाला नव्हता. पुढचा कधी होईल ते कुणी सांगू शकत नाही, मी चौकशी केली.

चौकशी म्हणजे उद्यानाच्या कचेरीत फोन केला. एक बाई बोलल्या. फुलं कधी येतील विचारलं तर म्हणाल्या, "साधारण वसंताच्या मध्यावर." मी म्हटलं, साधारण म्हणजे? "म्हणजे साधारण." तारीख? "काका, फुलांकडे कॅलेंडर नसतं." (आवाजावरून त्या माझ्याएवढ्याच असाव्यात, पण काका म्हणाल्या. ऐकून घेतलं.) दर आठवड्याला फोन करत राहिलो. चौथ्या वेळी मी "नमस्कार" म्हणायच्या आत पलीकडून आलं, "वजनकाटेवाले ना? अजून नाही." आणि गेल्या गुरुवारी, ताई, त्यांनी आपणहून दुकानात फोन केला. मी एका सोनाराचा नाजूक काटा उघडून बसलो होतो, श्वाससुद्धा जपून घेत होतो, आणि त्या म्हणतात, "आली हो तुमची पहिली कळी. पिवळी आहे." काट्याचा एक स्क्रू त्यात हरवला तो अजून सापडलेला नाही.

मग सामानाचं वजन. गाडीला सहाशे चाळीस किलो झेपतं, त्यात माणसंही आली. मी प्रत्येक वस्तू वजन करून वहीत लिहायला घेतली. भांडी, हत्यारं सरळ काट्यावर गेली. पण गाद्या, उशा, पांघरुणं काट्याच्या पाट्यावरून खाली लोंबतात आणि जमिनीला टेकतात, वजन चुकतं. म्हणून त्या मी हातात घेऊन स्वतः काट्यावर उभा राहत होतो आणि सकाळी घेतलेलं माझं वजन त्यातून वजा करत होतो. ही पद्धत माझीच. संध्याकाळी बेरीज केली तर मर्यादेच्या वर अकरा किलो. मी निम्मी हत्यारं बाहेर काढली, एक बादली काढली, जड मनाने ड्रॉवरच्या पितळी मुठी काढून लाकडी बसवल्या. तुझ्या भावजयीने वही सहज चाळली आणि विचारलं, "ही उशी दोन किलोची? आत विटा भरल्यात का?" मी म्हटलं, काटा खोटं बोलत नाही. ती म्हणाली, "काटा नाही बोलत. पण दुसरी उशी एक किलोची आहे, आणि ही दुपारच्या जेवणानंतर लिहिलेली दिसतेय." ताई, मी त्या दिवशी पोटभर जेवलो होतो. दुपारनंतरच्या अकराही वस्तूंमध्ये माझं जेवण एकेकदा मोजलं गेलं होतं. तीस वर्षं मी लोकांचे काटे शून्यावर आणून देतोय, आणि माझाच काटा शून्यावर नव्हता. ही गोष्ट घराबाहेर जाणार नाही असं तिने कबूल केलं. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला मला पाव देताना म्हणाला, "जेवणाआधी मोजून देऊ की नंतर?"

आता सीट. जुनी सीट रुळांवर पुढेमागे सरकायची, आणि तो रूळ खडखडायचा. मला खडखड सहन होत नाही. म्हणून मी नवी सीट केली आणि जमिनीला कायमची जोडून टाकली. एकच माप घेतलं, पक्कं. फक्त ते माप थोडं पुढे आलं. म्हणजे असं, की माझ्या उंचीचा माणूस बसला तर त्याचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. गेल्या रविवारी मी शेजारच्या इलेक्ट्रिशियनला बरोबर घेऊन घाऊक बाजाराच्या मैदानापर्यंत गाडी नेऊन पाहिली. ब्रेक दाबायला पाय उचलला की उजवा गुडघा हॉर्नवर बसतो. साडेतीन किलोमीटरमध्ये एकोणतीस वेळा हॉर्न वाजला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी रस्ता ओलांडायचं थांबून मला हात जोडले. एक पोलीस सिग्नलपाशी जवळ आला आणि त्याने विचारलं, "घाई आहे का काही?" इलेक्ट्रिशियन तोंडाला रुमाल लावून खिडकीबाहेर बघत होता. उतरल्यावर म्हणाला, "मिस्त्री, सीट कापा आणि वीतभर मागे घ्या. अर्ध्या तासाचं काम." मी म्हटलं, मागे जागा नाही. त्याने वाकून पाहिलं. जागा आहे, ताई, चांगली दीड वीत आहे. तो फक्त म्हणाला, "एवढ्या बुटक्या माणसाचं माप तुम्ही आणलंत तरी कुठून?"

मागच्या वर्षी तू आली होतीस तेव्हा दुकानातल्या लाकडी खुर्चीत बसली होतीस, आणि मी फरशीवर तुझ्या टाचेपाशी खडूने रेघ मारली. तू विचारलंस, काय करतोयस? मी म्हटलं, खुर्चीचा पाय हलतोय. खुर्चीचा पाय हलत नव्हता.

तुला ती पत्रेवाल्याच्या अंगणातली गाडी आठवते का? चाकं नव्हती, विटांवर उभी होती, दारं दोन्ही गेलेली. समोर त्या अर्धवट राहिलेल्या इमारतीची वाळू पडलेली, पुरुषभर उंच. सुट्टीत रोज दुपारी आपण त्या गाडीतून वाळवंटात जायचो. तू बारा वर्षांची, मी सहाचा. माझ्याकडे बिस्किटांचा डबा आणि पाण्याची बाटली. मला तू एकदाही स्टिअरिंगला हात लावू दिला नाहीस, म्हणायचीस, "तुझे पाय पुरत नाहीत." तुझेही पुरत नव्हते, तू दोन विटांवर बसायचीस. तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचीस, चढ आला की आवाज जड करायचीस, आणि मी खरोखर मागे रेलायचो. एका वळणावर मला ओकारीसुद्धा आली होती. न हलणाऱ्या गाडीत! त्यावर तू म्हणाली होतीस, "आता जरा हळू घेते," आणि खरंच हळू घेतलीस.

एकदा पाऊस होऊन गेला होता. दहा-बारा दिवसांनी आपण गेलो तर त्या वाळूवर इथे-तिथे बारीक पिवळी फुलं आली होती, कुठलं तरी रानगवत असेल. तू ब्रेक दाबलास. म्हणालीस, "उतर. वाळवंटात पाऊस पडला की असं होतं. थोडेच दिवस असतं, बघून घे." मी उतरून बघितलं. पुढे मोठा झालो तेव्हा मला वाटायला लागलं की हेही तू चढ-वळणांसारखं बनवून सांगितलं होतंस. अठ्ठेचाळीस वर्षं असंच वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी एका दवाखान्यात लहान मुलांचा काटा दुरुस्त करायला गेलो होतो, तिथे बाकावर पडलेल्या मासिकात फोटो होता. नुसती वाळू, आणि तिच्यावर दूरपर्यंत पिवळं. खाली लिहिलं होतं की पाऊस पडला की असं होतं, थोडेच दिवस असतं. डॉक्टरीणबाई विचारायला आल्या, काट्यात फार बिघाड आहे का? मी नुसताच बसून होतो म्हणून. बारा वर्षांच्या मुलीला हे कुठून ठाऊक होतं, हे मला तुला विचारायचंय. पण समोर बसून विचारायचंय, तेही ती फुलं दिसत असताना.

भाची सांगते, तू सकाळी साडेसहाला, बस काढायच्या वेळेला, अजूनही तयार होऊन खिडकीशी बसतेस. वेणीफणी, साडी, सगळं. आणि साडेआठला उठून चहा ठेवतेस. बस, एवढंच लिहितो. यात भावनेचा काही संबंध नाही, मी आपली नोंद करून ठेवली.

तू नाही आलीस तरी माझं काही अडत नाही. मी गुडघे दुमडून जाईन. हॉर्न काढून टाकेन.

जावयांना आशीर्वाद, नातीला पापा. माझी कमर बरी होईपर्यंत मला फोनवर रागावू नकोस, हसलो तरी दुखते.

तुझा धाकटा

ता. क. सोबत एक फॉर्म जोडलाय. तुझ्या लायसन्सची मुदत याच महिन्याच्या अठरा तारखेला संपते (तू आली होतीस तेव्हा पर्समधून चष्मा दे म्हणालीस, तेव्हा दिसली). नूतनीकरणाचा आहे. सगळा मी भरलाय, ज्या तीन ठिकाणी पेन्सिलने फुली आहे तिथे फक्त सही कर. फोटो दोन लागतात. कपाळावर चष्मा ठेवून काढलेला चालत नाही, हे मी विचारून घेतलंय.

ता. क. २. उद्यानांचे परवाने आले. याच तेवीस तारखेपासून. ते आता बदलून मिळत नाहीत. दोन नावं आहेत, चालकाच्या रकान्यात तुझं. माझ्यापुढे "सहप्रवासी" लिहिलंय. कचेरीतल्या त्या बाईंनी विचारलं, "चालवणार कोण?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

ता. क. ३. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी सांगतो, कारण इलेक्ट्रिशियनच्या पोटात काही राहत नाही. परवा सहली काढणारा एक माणूस गाडी बघायला आला. सगळे ड्रॉवर उघडून पाहिले (न उघडणाराही), नळ सोडून पाहिला. मग सीटवर बसला. बुटका होता. एक फेरी मारून आला, एकदाही हॉर्न वाजला नाही, आणि म्हणाला, "मिस्त्री, ही तर माझ्याच मापाची!" मी त्याला उतर म्हटलं. त्याला वाटलं मी भाव वाढवतोय, म्हणून त्याने दोनदा रक्कम वाढवली. मी दोन्हीदा नाही म्हटलं. तुझ्या भावजयीला आकडा सांगितलेला नाही, तूही सांगू नकोस. नऊ लाख चाळीस हजार, रोख.