धुळ्यापर्यंतचं इंजिन

पिंप्राळा, जळगाव

ती. मोहनबाई भुवा यांना विधीचा जयजिनेंद्र. गुडघे कसे आहेत? (मी पाठवलेलं तेल लागू पडत नसेल तर स्पष्ट कळवा, माझं मन राखायला लावत बसू नका.) फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की अख्ख्या कॉलनीला ऐकू जातं, म्हणून पत्र.

तुमच्या भावाच्या, म्हणजे दादाजींच्या, चौसष्ट सालच्या फियाटचं इंजिन जाम झालं आहे, आणि ते माझ्यामुळे. ऑइल बदलायचं काम माझ्याकडे होतं. न गाळलेलं काही वापरायचं नाही, हे मी शाळेत जायच्या आधीच तुम्ही मला शिकवलंत (तक्रार नाही, फक्त कारण सांगते), म्हणून मी ते जुन्या मलमलीच्या फडक्यातून गाळलं. फडक्याचे धागे आत गेले, ऑइलची जाळी तुंबली, आणि बाजारातून येताना गाडी खडखडून बंद पडली. सरदारचाचा मिस्त्रींनी इंजिन उघडून एक धागा चिमटीत धरला. म्हणाले, "बेटी, ऑइलचा चहा करायचा होता का?" दादाजींना मी त्याच दिवशी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जीवजंतू तर नाही ना गेला आत? मग झालं."

आता प्रश्न, दुरुस्ती किती करायची. सरदारचाचा ती गावांत मोजतात. नुसते बेअरिंग बदलले तर गाडी बाजारापर्यंत जाईल. पिस्टनच्या रिंगाही घातल्या तर पारोळ्यापर्यंत. सगळं खोलून सिलिंडर बोअर केले तर थेट धुळ्याला, तुमच्या दारात. दादाजींना धुळंच हवं. "राखी बांधून घ्यायला मी दुसऱ्याच्या गाडीत जाणार नाही," म्हणतात. पण भुवा, गाडी तेच चालवतात आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. परवा फाटकाशी उभ्या असलेल्या म्हशीला ते "या, बेबाबाई" म्हणाले (बेबाबाई आमच्या शेजारी, त्यांना हे कळवलेलं नाही). ऑपरेशनचं नाव काढलं की दिवाळीनंतर म्हणतात, कोणत्या ते सांगत नाहीत. इंजिन मी बिघडवलं, तेव्हा अर्धवट दुरुस्त करा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पूर्ण करा म्हणावं, तर वाटेतल्या एरंडोलच्या रस्त्यावरची माणसं डोळ्यांपुढे येतात. सरदारचाचा रोज विचारतात, "बेटी, कुठपर्यंत?"

तुमची,
विधी

ता. क. खरं काम असं. "डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याशिवाय माझ्या दारात गाडी आणू नकोस," अशा चार ओळी दादाजींना लिहा. ते फक्त तुमचं ऐकतात.

ता. क. २. त्यांच्या अपरोक्ष पत्र पाठवणं बरं वाटेना, म्हणून त्यांना सगळं वाचून दाखवलं (म्हशीचंही). मग त्यांनी सरदारचाचांना निरोप धाडला: धुळ्यापर्यंत करा, विधी चालवेल, मी शेजारी बसेन, हॉर्न तेवढा माझ्याकडे. भुवा, माझं लायसन्स दोन वर्षांचं आहे आणि गाडी मी आजवर कॉलनीच्या फाटकाबाहेर नेलेली नाही. त्या चार ओळी राहू द्या. राखीला तुम्हीच एसटीने याल का? स्टँडवर घ्यायला मी येईन, रिक्षाने.