कॅमेऱ्याच्या पिशवीची ट्रायल

तीर्थरूप आत्या,

तुला आणि तुझ्या उजव्या गुडघ्याला माझा वेगवेगळा नमस्कार. (गुडघ्याला वेगळा अशासाठी की गेले काही महिने तुझ्या घरातले सगळे निर्णय तोच घेतो, असं तुझ्या बोलण्यावरून वाटतं.) तब्येत बरी असेल, सकाळचं फिरणं चालू असेल आणि वाटेत भेटणाऱ्या निष्पाप माणसांना त्यांच्या फोनमधले फोटो कसे चुकलेत हे तू न विचारता सांगत असशील, असं मी धरून चालतो. आम्ही सगळे ठीक. हिचा खोकला गेला, बाबांचं रक्तदाबाचं मशीन बिघडलं त्यामुळे त्यांचा रक्तदाबही सध्या उत्तम आहे, आणि मी चष्म्याच्या दुकानात रोज तीस-चाळीस माणसांना 'खालची ओळ दिसते का' असं विचारून संध्याकाळी घरी येतो. फोन न करता पत्र का लिहितोय, असं तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर तू तिसऱ्या वाक्याला 'मुद्द्याचं बोल' म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र.

पत्रास कारण एक पिशवी. त्या दिवशी तुझा कॅमेरा मी टॉवेलात गुंडाळून भाजीच्या पिशवीतून तुझ्याकडे घेऊन आलो आणि तू टॉवेल सोडलास तेव्हा लांबड्या लेन्सच्या शेजारून दोन कांदे निघाले, हे मला मान्य आहे. चाळीस वर्षं वर्तमानपत्रासाठी मोर्चे, पूर आणि फिती कापणारे मंत्री टिपलेल्या बाईला स्वतःचा कॅमेरा कांद्यांच्या संगतीत बघून काय वाटलं असेल, याची मला कल्पना आहे. (तू ते बोलूनही दाखवलंस. समोरच्या घरातल्यांनाही आता कल्पना आहे.) तेव्हा महिनाअखेरपर्यंत नीटशी कॅमेरा-बॅग घे, नाहीतर सगळं सामान तुझ्या फोटोक्लबला देऊन टाकीन, हा तुझा हुकूम मी खाली मान घालून ऐकला. आज तारीख चोवीस. म्हणून हा हिशेब सादर करतोय.

आधी एक सांगतो. कॅमेरा मी मागितला नव्हता. तू फोटो काढता काढता कठड्यावरून घसरलीस, गुडघा धरून बसलीस, आणि बाबा जे बोलायचं नव्हतं ते बोलले, की मी शिलाईचं दुकान बंद केलं तसं तूही आता तो डबा खाली ठेव, पुरे झालं. त्यावर तू म्हणालीस, दादा, तुला कंटाळा आला म्हणून जगाने काम सोडायचं का? आणि तिरीमिरीत कॅमेरा, तीन लेन्सा, फ्लॅश असं सगळं माझ्या मांडीवर ठेवून चालती झालीस. मी तेव्हा फक्त चहा पीत होतो. त्याला आता आठ महिने झाले. तेव्हापासून तुम्ही बहीणभाऊ माझ्यामार्फत बोलता. टपालखात्यातल्या माणसाला निदान सायकल तरी मिळते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर दोन सुंभ आहेत आणि मध्ये मी.

असो. पहिली बॅग मी पाठीवरची घेतली. दुकानातल्या माणसाने विचारलं, साहेब, तुम्ही नक्की काय काढता? मी सवयीने म्हणालो, नंबर. त्यावर त्याने सगळ्यात मोठी बॅग पुढे केली. तिला एकोणीस कप्पे होते. (मी मोजले तेव्हा एकोणीस होते, हिने मोजले तेव्हा एकवीस. दोन अजून सापडायचे आहेत.) बॅग उत्तम, गादी उत्तम, पण कॅमेरा पाठीवर आणि डोळे पुढे, हे गणित काही जमेना. तळ्याकाठी एक बगळा इतका छान उभा होता! मी बॅग उतरवली, पट्टा सोडला, चेन उघडली, आतली दुसरी चेन उघडली, कॅमेरा काढला, झाकण काढलं, ते कुठल्या कप्प्यात ठेवावं याचा विचार केला. बगळ्याने तोवर मासा पकडला, खाल्ला, पचवला आणि तो निघून गेला. परतताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघायला वळलो तेव्हा माझ्यामागच्या गृहस्थांचा चष्मा बॅगेला लागून पडला. त्यांना मी आमच्या दुकानाचं कार्ड दिलं. हे मी माणुसकीने केलं, पण त्यांना तो धंदा वाटला.

दुसरी बॅग एका पट्ट्याची, खांद्यावरून तिरकी घालायची आणि हवी तेव्हा गर्रकन पुढे ओढायची. ती हवी तेव्हा पुढे येत नसे, नको तेव्हा येई. बुटाची नाडी बांधायला वाकलो तर लांबड्या लेन्ससकट हनुवटीवर आदळली. तिसरी चाकांची पेटी. तीत सगळं सुरक्षित राहतं, फक्त जिने चढता येत नाहीत आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. शिवाय रविवारी सकाळी मी ती पेटी धडाधड पायऱ्यांवरून उतरवत चाललो, तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी दार किलकिलं करून पाहिलं, आणि मी वळणावर दिसेनासा होतो न होतो तोच वर जाऊन हिला धीर दिला, की पुरुषमाणसं अशीच, रागात निघून जातात, चार दिवसांनी भुकेने परत येतात. मी दीड तासातच परतलो तर त्यांची निराशा झालेली स्पष्ट दिसली. तिन्ही बॅगा मी सात दिवसांच्या आत परत केल्या. दुकानातला माणूस आता मला लांबून पाहिलं की परतीचं पुस्तकच काढतो. तू म्हणशील, नाचता येईना अंगण वाकडं. खरं आहे. पण आत्या, मी वाकड्या अंगणाची तिन्ही मॉडेलं वापरून पाहिली, एवढं श्रेय दे.

तिसरी पेटी परत गेली त्या दिवशी बाबा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, माप न घेता वस्तू आणल्यावर ती बसेल कशी? आणि उठून आत गेले. तुला माहीतच आहे, दुकान बंद केल्यापासून ते शिलाई मशीनकडे बघतही नव्हते. मशीनवर हिने फुलदाणी ठेवली होती. त्या दिवशी फुलदाणी जमिनीवर आली. बाबांनी जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर अंथरली, तिच्यावर तुझा कॅमेरा उभा केला, गळ्यात टेप घातली आणि एखादं नवीन गिऱ्हाईक आल्यासारखे ते त्याच्याभोवती दोनदा फिरले. मग मापाची वही काढून त्यांनी छाती, कंबर, उंची अशी रीतसर नोंद केली. लांबड्या लेन्सला ते बाही म्हणतात. बाही काढून आणि बाही लावून अशी दोन मापं झाली. (मध्ये ते सवयीने कॅमेऱ्याला 'श्वास सोडा' म्हणाले असं ही सांगते. मी ऐकलं नाही, पण शपथेवर नाकारणारही नाही.)

पिशवी कशाची केली म्हणशील, तर बाहेरून एका वकिलांच्या कोटाचं कापड. बारा वर्षांपूर्वी शिवायला टाकून गेले, ते पुन्हा आलेच नाहीत. आतून रेनकोटाचं अस्तर. आणि गादीसाठी काय, ओळख! कोटाच्या खांद्यात घालायचे पॅड. त्यांच्याकडे पत्र्याचा डबाभर होते. तळाला चार, दोन्ही बाजूंना तीन तीन, आणि लेन्सांच्या मधल्या आडभिंतीसुद्धा पॅडच्याच. तुझी नाजूक लेन्स आता कुठल्याही बँक मॅनेजरपेक्षा रुबाबदार खांद्यांमध्ये बसते. मी ती पिशवी चुकून दोनदा पाडली, आतल्या सामानाला हूं का चूं नाही. (दोनदा. तिसऱ्या वेळी ती माझ्या हातात नव्हती, जिन्याच्या कठड्यावर होती.)

आता तक्रार. पिशवी देखणी आहे, मजबूत आहे, पण मला बसत नाही. पट्टा इतका आखूड की पिशवी माझ्या काखेत येते आणि मी कोंबडी लपवून चाललोय असं दिसतं. झाकण उघडतं ते डाव्या हाताला सोयीचं, आणि मी उजवा. बॅटऱ्यांचा खिसा, कार्डांचा खिसा, सगळे डावीकडे. मी बाबांना म्हणालो तर ते म्हणाले, सवय होईल. वर विचारलं, याची अजून वाढ व्हायची आहे का? मी म्हणालो, बाबा, कॅमेरा आहे तो, वाढत नाही. तर म्हणाले, तुला काय माहीत, दर दोन वर्षांनी एक लेन्स वाढतेच, आणि त्यांनी बाजूला एक रिकामा कप्पा ठेवला. मी गेल्या आठ महिन्यांत लेन्सचं एक झाकणही वाढवलेलं नाही, उलट एक हरवलं आहे. एवढं करून पिशवी ते मला इमारतीबाहेर नेऊही देत नाहीत. ट्रायल झाल्याशिवाय माल दुकानाबाहेर जात नाही, हा त्यांचा जुना नियम. मी म्हणालो, झाली की माझी ट्रायल, काखेतली. ते नुसते हसले.

तेव्हा विनंती एवढीच, की पंधरा दिवसांची मुदत वाढवून दे आणि तोवर फोटोक्लबाला शब्द देऊ नकोस. उंटावरून शेळ्या हाकणं तुला सोपं आहे, इथे शेळीला कोट शिवणं चालू आहे. गुडघ्याला जप. पत्राचं उत्तर पाठव, फोन करून 'मुद्द्याचं बोल' म्हणू नकोस.

तुझा, सगळे फोटो हललेले काढणारा,
भाचा

ता. क. १ — पत्र पाकिटात घालण्याआधी म्हटलं पट्ट्याचं माप घेऊन तुला कळवावं, म्हणून पिशवी उलटी केली. बाबा प्रत्येक कपड्याला गिऱ्हाईकाच्या नावाची चिठ्ठी टाचतात. पिशवीलाही आहे, अस्तराच्या आत. चिठ्ठीवर माझं नाव नाही, तुझं आहे. तेही लहानपणीचं, जे आमच्यासमोर घरात कोणी घेत नाही. (मी ते वाचलं, आणि आयुष्यभर तुझ्याविरुद्ध वापरणार आहे.) मग मी मापाची वही काढली. पहिल्या नोकरीला लागलीस तेव्हा त्यांनी तुला खिसेवालं जाकीट शिवलं होतं, त्याचं पान अजून आहे. 'डावखुरी. डावा खांदा अर्धा इंच खाली.' त्याच्या खाली परवाच्या तारखेने, नव्या शाईत, 'आता पाऊण इंच?' असं लिहिलंय. प्रश्नचिन्ह त्यांचंच. दुसऱ्या कुठल्याच गिऱ्हाईकाच्या मापापुढे त्यांनी प्रश्नचिन्ह घातलेलं मला सापडलं नाही, मी सगळी वही पाहिली.

ता. क. २ — आता मुद्द्याचं बोलतो. आत्या, तुझा कॅमेरा मला नको. कधीच नको होता. मी घेतला तो अशासाठी, की तो घरात राहिला तर तू विचारपूस करायला तरी येशील. मी सहाशे फोटो काढले, त्यांतल्या अर्ध्यांत माझा अंगठा आहे. बाबा ते सगळे बघतात. बघून झाले की म्हणतात, तिने असा काढला नसता. 'पुरे झालं' म्हणाले ते चुकलंच, आणि त्यांनाही ते कळलंय, पण 'चुकलो' हा शब्द त्यांच्या तोंडातून निघायचा नाही, म्हणून त्यांनी तो शिवून ठेवलाय. तू घसरलीस त्या दिवशी ते फार घाबरले होते, हेही तुला कोणी सांगितलं नसेल. तेव्हा फोटोक्लब राहू दे. रविवारी सकाळी दहाला ट्रायलला ये. मी हे कळवलंय असं म्हणू नकोस. सहज आले होते म्हण. तुला सहज येता येत नाही हे आम्हाला माहीत आहे, पण तसं म्हण.

ता. क. ३ — दुकान बंद करताना बाबांनी ट्रायलचा तो माणूसभर उंचीचा आरसा खालच्या केशकर्तनालयाला देऊन टाकला होता. काल दोन माणसं लावून त्यांनी तो वर आणला. खालची गिऱ्हाईकं सध्या विश्वासावर केस कापून घेताहेत आणि दुकानदार दिवसातून तीनदा आमची बेल वाजवतो. आरसा आमच्या टीव्हीसमोर उभा आहे. आम्ही तीन माणसं जेवताना स्वतःकडे बघत बसतो. मी म्हणालो, बाबा, पिशवीच्या ट्रायलला आरसा कशाला? ते आरसा पुसत होते, तो आणखी पुसत राहिले.