ग्रे म्हणजे ग्रेच

१ डिसेंबर, सोमवार
मृणालीच्या होणाऱ्या सासरहून व्हॉट्सॲपवर कार्ड आलं. चौदा तारखेला दुपारी ठाण्याच्या हॉलमध्ये दोन्ही घरांचं जेवण. लग्नाआधी माणसं एकमेकांना कळावीत म्हणून. खाली एक ओळ: ड्रेस कोड – ग्रे. बस. शर्ट का कुर्ता, काही नाही. बायको, कमळा, गोंधळली. मी नाही.

जावयाची आई, आसावरीताई, कॉलेजात शिकवतात. मुलीचा बाप, म्हणजे मी, भिवंडीत ग्रे कापडाचा दलाल आहे हे त्यांना ठाऊक आहे. लूमवरून उतरलेलं, ना धुतलेलं ना रंगवलेलं कोरं कापड, ते ग्रे. इथे शेंबडं पोरही सांगेल. बाईंनी आमच्या धंद्याचा मान ठेवला. अशी माणसं मिळायला नशीब लागतं.

३ डिसेंबर
संकल्प: या खेपेला पोरीला खाली मान घालायला लावायची नाही. मागच्या भेटीत माझा धाकटा भाऊ बाळाराम जांभळा चमचमता शर्ट आणि गॉगल लावून सोफ्यावर बसला होता. मृणाली सगळा वेळ चहाच्या कपात बघत होती. ते मला अजून टोचतंय. म्हणून ठरवलं, अंजूरहून, आपल्या गावाहून, येणारे आपले सगळे पुरुष एकाच ताक्यातल्या कापडात. भाऊबंद खूश. फुकट म्हटल्यावर काय!

कमळा म्हणाली, पोरीला एकदा इचारा, ग्रे म्हंजे राखाडी तं न्हाय? हसलो. शुभकार्याला राखेचा रंग कोण घालतं? ती म्हणाली, मी तं राखाडीच नेसणार हाय. म्हटलं, नेस बाई. बायकांकडे कोण बघतंय.

६ डिसेंबर
तरी फोन केला. कमळाचं तोंड बंद करायला. पोर नोकरीसाठी ठाण्यात राहते. मृणालीला विचारलं, ग्रे म्हणजे ग्रेच ना? ती म्हणाली, हो बाबा, ग्रेच. तुम्हाला लाइट ग्रे छान दिसेल. बघा! पोरीला क्वालिटीसुद्धा कळते. लाइट म्हणजे वजनाला हलकं. शेवटी रक्त कुणाचं! बाकी काही सांगितलं नाही. सरप्राइज.

९ डिसेंबर
टेलर मास्टरकडे ताका टाकला. तो म्हणाला, सेठ, पहले धुलवा लो, कडक है. आता याला काय सांगावं? धुतलं की ते ग्रे राहिलं कुठे? पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला कापड शिकवतो. दम दिला. गप माप घेऊ लागला.

१३ डिसेंबर
कुर्ते-पायजमे आले. कापडाला खळीचा वास आहे. सगळ्यांना अत्तर लावायला सांगितलं. थोडं ताठ आहे, मी खुर्चीतून उठलो तरी कुर्ता बसलेलाच. पण रुबाब येतो. बाळारामच्या पाठीवर ताक्याचा शिक्का आलाय, लॉट नंबरसकट. त्याला म्हटलं, तू भिंतीला टेकून उभा राहा.

१४ डिसेंबर, सकाळ
कमळा मृणालीबरोबर पार्लरला पुढे गेली. आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरने निघतोय. आज ठाण्याला कळेल भिवंडी काय चीज आहे.

१४ डिसेंबर, घरी आल्यावर
लिहावंसं वाटत नाही.

गाडीतून उतरलो. डोक्यापासून पायापर्यंत कोऱ्या कापडातले आम्ही सगळे, एका रांगेत, ताठ. दारातली माणसं बोलता बोलता थांबली. मला वाटलं, इम्प्रेशन पडलं. व्याही हरीभाऊ पुढे आले, माझा हात हातात घेतला, हळूच विचारलं, कधी झालं हे? म्हटलं, कालच. जरा घाईत उरकलं, पण छान झालं. ते दोन पावलं मागे सरकले.

मग आत बघितलं. राखाडी सूट, राखाडी साड्या, टेबलांवरचे रुमालसुद्धा राखाडी. मधोमध कमळा, आसावरीताईंच्या शेजारी, सख्ख्या बहिणी वाटाव्यात अशा. आणि दारात आम्ही. कोरं कापड माणसाला कधी गुंडाळतात ते मला ठाऊक नाही असं नाही. आठवलंच नाही. पंधरा दिवसांत एकदाही नाही.

मृणालीचा चेहरा पांढरा पडला. वाटलं, आता ही रडणार. तिने सरळ माइक घेतला. म्हणाली, हे माझे बाबा, ग्रे कापडाचा व्यापार करतात, आमच्या घरी यालाच ग्रे म्हणतात, आणि मीच हट्ट धरला की सगळ्यांनी हेच घालून या. टाळ्या झाल्या. होणारा जावई अनिमेष, त्याने तर शिट्टी मारली. आसावरीताईंनी माझी बाही बोटांत धरून सूत कुठलं ते विचारलं. मला सांगता येईना. आयुष्यात पहिल्यांदा.

पोर माझ्यासाठी खोटं बोलली, तेही सासरच्या माणसांसमोर. बोलताना तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुलाबजाम घेतला नाही. बाळारामने तीनदा घेतला, भिंत सोडून.

१५ डिसेंबर
मृणालीला फोन केला. म्हटलं, बेटा, काल भाषण मस्त झालं हां. ती म्हणाली, बाबा, मी कामात आहे. खरं तर मला दुसरंच म्हणायचं होतं.

१६ डिसेंबर
ग्रुपवर फोटो आले. फोटोवाल्याने आम्हाला मागच्या रांगेत घेतलंय. माझं फक्त डोकं दिसतंय.

संध्याकाळी कमळाला पोरीचा फोन. लग्नात मी काय घालायचं ते ती आणि आसावरीताई मिळून आणणार. रंग मला सांगायचा नाही असं ठरलंय. फक्त माप हवंय. म्हटलं, मी देतो की. कमळा म्हणाली, मी दिलं. तिचा मेसेज उघडून बघितला. पोटाचं मापसुद्धा खरं दिलंय.