एका पलंगाची खोली

प्रिय केस्टन,

तुमची कासवं वाचवणाऱ्यांची परिषद आपल्या बेटावर भरणार नाही, हे तुला संस्थेकडून कळलं असेलच. त्या निमित्तानं तरी तू इतक्या वर्षांनी घरी येशील म्हणून मी वरची समुद्राकडची खोली आकाशी रंगवून घेतली होती. दुपारी डोळा लागला की तू धक्क्यावरून येताना दिसायचास, चपला हातात, पाय वाळूनं भरलेले. मी ओरडायची, आधी पाय धू. जाग आल्यावरही बराच वेळ खाली नळ वाहतोय असंच वाटायचं.

हे कसं फिसकटलं ते माझ्याकडूनच ऐक. ठिकाण पाहायला संस्थेनं दोघींना पाठवलं होतं, मार्ता आणि ल्युसिंडा. गाजावाजा न करता साध्या पाहुण्यांसारखं राहून बघायचं, ही म्हणे त्यांची रीत. उतरल्या आपल्याच घरी, भाड्याच्या खोलीत. एकच पलंग हवा म्हणाल्या, मी दिला. संध्याकाळी व्हरांड्यात कोको पीत, हातात हात घेऊन समुद्र बघत बसायच्या. त्यांच्याकडे बघून मलाही कसं निवांत वाटायचं.

शेजारची इस्मे मावशी कुंपणावरून म्हणालीच, "वर्लिन, काय चाललंय गं तुझ्या घरात? पाद्रीबाबांना काय तोंड दाखवशील?" मी म्हटलं, "तुझे पाव करपताहेत तिकडे, ते बघ आधी." पण शुक्रवारी बाजारातून येताना जीपवाल्यानं दोघींना भर उन्हात अर्ध्या वाटेत उतरवलं, आणि आतले सगळे हसले. त्या चालत आल्या. कुणी अंगाला हात लावला नाही, पण त्यानंतर व्हरांड्यात त्या दोन वेगळ्या खुर्च्यांवर बसू लागल्या.

मग त्यांनी आपण कोण ते सांगितलं आणि परिषदेसाठी सभागृहात बैठक झाली. मंत्रीसाहेब म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत आहे! अशा जोडप्यांविरुद्धचा तो जुना कायदा नुसता कागदावर आहे हो, वापरतो कोण?" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, डोळ्यांपुढे तुझी आकाशी खोली होती.

निघताना मार्तानं मला जिन्यात गाठलं. म्हणाली, "मिस वर्लिन, मंत्र्यांचं ऐकलं. आता तुम्ही सांगा. तुमचं स्वतःचं माणूस आमच्यासारखं असतं, तर बोलावलं असतंत इथे?" तू माझा मुलगा आहेस हे तिला ठाऊक नव्हतं. मी नुसतं हो म्हणायचा अवकाश, तू घरी आला असतास. मला पुन्हा तो धक्का दिसला, आणि या खेपेला तू एकटा नव्हतास. फोनवर तुझ्यामागे रस्सा ढवळत गाणारा अन्सेल्म बरोबर होता. खोलीतला सोबती म्हणतोस तू त्याला. अरे, मी आई आहे तुझी, खुळी नाही. पण तो तुझ्यापासून चार हात लांब चालत होता, अनोळखी असल्यासारखा, आणि तू मागे वळूनही बघत नव्हतास. माझा जीव कळवळला. मी मार्ताला नाही म्हटलं.

म्हणून आता मीच तुमच्याकडे सान होसेला येते आहे. अन्सेल्मला सांग, रश्श्यात मिरची बेतानं घाल, माझ्या पोटाला सोसत नाही. आणि आई येणार म्हणून घाईघाईनं दुसरा पलंग आणून मांडू नका. मला बाहेरच्या खोलीत एक गादी पुरे.

तुमच्या दोघांची,
आई